रस्त्यावर फोटो काढताना अडवलं, "डिलीट करा" म्हणाले. करायचे का?

झूमवाला
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या रविवारी सकाळी दक्षिण मुंबईत जुन्या इमारतींच्या कमानी, खिडक्या टिपत फिरत होतो. सार्वजनिक फुटपाथ, हातात डीएसएलआर आणि ७०-३०० ची लांब झूम लेन्स. ट्रायपॉड नाही, मॉडेल नाही. एका सरकारी इमारतीसमोर उभा असताना फाटकावरचे रक्षक रस्ता ओलांडून आले. "परमिशन आहे?" कसली, म्हटलं. "फोटोची." कोण देतं ती, विचारलं तर त्यांनी हवालदारांनाच बोलावलं. नाव, पत्ता, आधार, कुठल्या चॅनेलचे, कुठे छापणार, एवढी लांब लेन्स कशाला. शेवटी, "या बिल्डिंगचे सगळे फोटो आमच्यासमोर डिलीट करा आणि निघा."

माझ्यापासून दहा फुटांवर दोन मुली त्याच इमारतीसमोर मोबाईलवर रील करत होत्या. त्यांना कोणी हटकलं नाही.

मला विचारायचंय ते इतकंच: असं डिलीट करायला सांगायचा त्यांना अधिकार आहे का? आणि नसला तरी तुम्ही त्या जागी काय केलं असतं? मी काय केलं ते नंतर सांगतो, नाहीतर सगळे त्यावरच तुटून पडाल.

उपद्व्यापी
आम्ही आत्ताच तुटून पडू का? रविवारी सकाळी उठलातच कशाला!

मीनाक्षी_डोंबिवली
कुठली इमारत ते लिहा ना. तिकडे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

झूमवाला
@मीनाक्षी, नाव मुद्दाम टाळतोय. त्या हवालदारांवर राग नाही माझा, सभ्यपणे बोलले. प्रश्न तत्त्वाचा आहे.

नाना खटपटे
तत्त्वाचा प्रश्न म्हणजे धागा दोनशे प्रतिसादांवर जाणार. चहा ठेवतो.

वकीलकाका
थोडं कायद्याचं लिहितो, मग तुमचं चालू द्या.

सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. बंदी आहे ती ठरावीक जागांना. सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचं. त्यात 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय त्याची व्याख्या आहे: लष्कर, नौदल, हवाईदलाच्या जागा, शस्त्रास्त्रांचे कारखाने, गोद्या वगैरे, शिवाय सरकारने अधिसूचना काढून तसं जाहीर केलेल्या जागा. आणि गुन्हा होण्यासाठी देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक असा हेतू लागतो. इमारत सरकारी आहे एवढ्यावर ती 'प्रतिबंधित' होत नाही. साधं पोलीस ठाणंसुद्धा होत नाही. वर्ध्यातल्या एका माणसाने पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणं त्या व्याख्येत बसत नाही, हे न्यायालयाने स्पष्टच सांगितलं.

आता डिलीटचं. फोटो काढणं हा गुन्हा असेल तर तो फोटो पुरावा आहे. मग पोलिसांनी पंचनामा करून कार्ड जप्त करायचं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १०५, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय. पुरावा पुसायला लावणं हे कुठल्याच पुस्तकात नाही. आणि गुन्हा नसेल तर पुसायचं कारणच काय? दोन्ही बाजूंनी 'डिलीट करा' हा हुकूम लंगडा पडतो.

अश्विनी के
काका, हे वाक्य प्रिंट काढून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवते आता. :)

उपद्व्यापी
ठेवा. आणि ते हवालदारांना वाचून दाखवल्यावर ठाण्यातला चहा कसा होता तेही इथे लिहा.

खाकी_निवृत्त
मी इथे फारसा लिहीत नाही, पण या विषयावर गप्प बसवत नाही. नोकरीतली बरीच वर्षं बंदोबस्तात गेली. वकीलसाहेबांचं कायद्याचं बरोबर आहे. पण रस्त्यावर उभ्या माणसाला काय दिसतं ते ऐका.

२६/११ च्या आधी हल्लेखोरांसाठी रेकी करणारा डेव्हिड हेडली मुंबईत येऊन राहिला, ताजचं आणि बाकीच्या ठिकाणांचं चित्रीकरण करून गेला. गोरा रंग, अमेरिकन पासपोर्ट, खांद्याला कॅमेरा. कोणी अडवलं नाही. पुण्यातही फिरून गेला होता. हे सगळं बाहेर आल्यावर वरून सूचना एकच यायची: इमारतीची पाहणी करणारा, वारंवार फोटो घेणारा दिसला की विचारा. ड्युटीवरच्या पोराला कोणी हे सांगत नाही की जीएसटी भरणारा हौशी फोटोग्राफर आणि रेकी करणारा यांत फरक कसा ओळखायचा. त्याने विचारलं नाही आणि उद्या काही झालं तर निलंबन त्याचं. विचारलं आणि तुम्ही चिडलात तर काय होतं? इथे एक धागा निघतो.

आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम ६८ आहे. कर्तव्य बजावताना पोलिसाने दिलेल्या वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे. डिलीट करा ही वाजवी सूचना नाही, मान्य. इथून हला, ही असू शकते.

पाणकावळा
@खाकी_निवृत्त, तुमचा प्रतिसाद आवडला. पण हेडलीच्या बाबतीत एक गोष्ट बघा. तो उघड्यावर लांब लेन्स रोखून उभा राहणाऱ्यांपैकी नव्हता. पर्यटकासारखा वावरला. आज असा कोणी आला तर तो मोबाईल वापरेल आणि रील करणाऱ्या मुलींच्या शेजारी उभा राहील. तुमचे लोक अडवणार झूमवाल्याला.

तिरपा_फलाट
अगदी अगदी! आणि २६/११ चंच बोलायचं तर सीएसटीवरच्या कसाबचा तो फोटो आठवा. खांद्याला बॅग, हातात रायफल. मुंबई मिररचे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या इमारतीतून कॅमेरा घेऊन स्टेशनात धावले आणि डब्याआड लपून त्यांनी तो काढला. खटल्यात ते साक्षीला उभे राहिले. ज्या स्टेशनातला फोटो देशाच्या सगळ्यात मोठ्या खटल्यात पुरावा ठरला, तसल्याच स्टेशनांत आज आम्ही इंजिनाचा फोटो घेताना इकडे-तिकडे बघत असतो.

आम्ही रेल्वेवेडे. डब्ल्यूएपी-७ (विजेचं इंजिन) आली की नाडी वाढते. फलाटावर तिकीट असूनही हटकलेले लोक आमच्या ग्रुपमध्ये ढीगभर आहेत. माझा स्वतःचा नियम: रुळांवर उतरायचं नाही (रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, आणि जीव जातो तो वेगळाच), फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत राहायचं, ट्रायपॉड काढायचा नाही. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर त्या-त्या रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून परवानगी घ्यायची. एवढं पाळूनही कोणी विचारलं तर मी गाडी नंबर, लोको शेड, लिव्हरी (इंजिनाची रंगसंगती) यावर व्याख्यान सुरू करतो. पाच मिनिटांत समोरचा कंटाळून जातो.

नाना खटपटे
हसून हसून पुरेवाट! ही युक्ती बायकोवरही चालते का?

तिरपा_फलाट
तिच्यावर आधी चालली म्हणूनच तर सापडली.

मीनाक्षी_डोंबिवली
सीएसएमटीचा विषय निघालाच आहे तर: समोर महापालिकेनेच सेल्फी पॉइंट करून ठेवलाय, त्या इमारतीला २००४ पासून युनेस्कोचं जागतिक वारसा पद आहे, महापालिकेच्या मुख्यालयात २०२१ पासून वारसा फेरी निघते. एका हाताने या, बघा, फोटो काढा, आणि दुसऱ्या हाताने लेन्स लांब दिसली की हटकायचं. काहीतरी एक ठरवा.

वकीलकाका
रस्त्यावरच्या फोटोचा दुसरा दाखला घ्या, गुगल स्ट्रीट व्ह्यू. २०१६ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन केंद्राने नकार दिला. जुलै २०२२ मध्ये देशी कंपन्यांबरोबर ते सुरू झालं आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर होती. झूमवाले ज्या फुटपाथवर उभे होते तिथून दिसणारं दृश्य बहुधा तिथेच घरबसल्या मिळेल.

झूमवाला
मिळतं. आत्ताच बघितलं. तीनशे साठ अंशांत.

सातारी_तडका
शहरातल्या लोकांचं बरं असतं राव. तुम्हाला हवालदार विचारतो, आम्हाला गाव विचारतं.

मी वाड्या-वस्त्यांवरचे जुने वाडे, देवळं, वीरगळ यांचे फोटो काढतो. गावात अनोळखी गाडी आली, माणूस उतरला, कॅमेरा काढला की आधी चार पोरं येतात, मग दोन म्हातारे, मग कोणीतरी फोन लावतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची गोष्ट विसरू नका. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्यांच्या हातात तर कॅमेराही नव्हता. त्यानंतर मी शाळेच्या मैदानाकडे लेन्स वळवत नाही. कुठल्याही गावात शिरलो की पहिलं काम पारावर बसायचं, सरपंच किंवा पोलीस पाटील कोण ते विचारायचं, त्यांना भेटायचं आणि सांगायचं की अमुक देवळाचे फोटो काढायचेत. निम्म्या वेळा तेच देवळाची किल्ली मागवतात, चहा पाजतात आणि "आमच्या मळ्यात एक शिलालेख आहे, बघता का" म्हणून घेऊन जातात. कायदा काय सांगतो ते मी कधी काढलंच नाही. काढायची वेळ येऊ द्यायची नाही, हाच माझा कायदा.

अश्विनी के
@सातारी_तडका, अनुमोदन, पण बायकांचं वेगळं असतं हो. मी एकटी असेन तर पारावर जाऊन बसले की दुसरेच प्रश्न येतात. "एकट्याच?" "घरचे कुठेत?" "लग्न झालंय का?" फोटोबद्दल शेवटी. उलट शहरात मला पोलिसांनी फारसं हटकलेलं नाही. बाईच्या हातातला कॅमेरा कोणाला धोकादायक वाटत नसावा. यावर खूश व्हावं की चिडावं तेच कळत नाही.

आणि एक. दादरच्या फुलबाजारात, महालक्ष्मीच्या धोबीघाटावर, कोळीवाड्यांत कॅमेरा घेऊन घुसणाऱ्या आपल्याच भावंडांना मी बघते. विचारणं नाही, बोलणं नाही, म्हाताऱ्या कोळणीच्या तोंडासमोर लेन्स. तिने शिव्या दिल्या की "स्ट्रीट फोटोग्राफी आहे, हक्क आहे". हक्क असेल. पण ती तिच्या धंद्यावर बसली आहे, तुमच्या पोर्टफोलिओत नाही.

उपद्व्यापी
हे वाक्य मीनाक्षीताईंनी लिहिलं असतं तर मी वाद घातला असता. तुम्ही लिहिलंत, गप्प बसतो.

मीनाक्षी_डोंबिवली
का बरं?

उपद्व्यापी
त्या माझ्या वहिनी आहेत.

फोंडेकार
गोंयचे सांगतो. पणजीच्या फोंतेन्हासात रंगीत घरांसमोर प्री-वेडिंगवाल्यांनी इतका उच्छाद मांडला की लोकांनी दारांवर फोटो काढू नये अशा पाट्या लावल्या. कोणाच्या पायरीवर चढतात, खिडकीतून आत वाकतात, कपडे बदलायला जागा मागतात. तिथे 'अधिकारी' म्हणजे घरातली ७५ वर्षांची आजी, आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

पर्रा गावची गंमत ऐका. माडांच्या रांगांमधून जाणारा सुंदर रस्ता आहे. पंचायतीने फोटो आणि शूटिंगसाठी पैसे घ्यायला सुरुवात केली, पाचशे रुपयांपर्यंत. २०१९ च्या शेवटाला त्याचा व्हिडिओ फिरला, देशभर हसं झालं, आणि कर मागे घेतला. माझं मत विचाराल तर पंचायतीची चीड समजण्यासारखी होती. कचरा उचलायचा त्यांनी आणि लाइक घ्यायचे दिल्लीवाल्यांनी. पण सार्वजनिक रस्त्याच्या फोटोवर कर हे कुठे बसत नाही.

अवांतर: दाबोळी विमानतळावर उतरताना कॅमेरा बॅगेत ठेवा. तो आयएनएस हंसा, नौदलाचा तळ आहे.

वकीलकाका
विमानतळांचा नियम खरंच वेगळा आहे, त्यामुळे फोंडेकारांचं अवांतर नाही. १९३७ च्या विमान नियमांतला नियम १३. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून फोटोला परवानगी लागते. प्रवाशांना खिडकीतून फोटो काढायची सूट डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) २००४ पासून दिलेली आहे, २०२० मध्ये पुन्हा स्पष्टही केली, पण लष्करी तळ असलेल्या ठिकाणी ती धरून चालू नका. मे २०२५ मध्ये तर संरक्षण दलांच्या धावपट्ट्या वापरणाऱ्या विमानांत उतरताना-चढताना खिडक्यांची झापडं खाली ठेवायचा आदेश निघाला होता. पुण्याचं लोहगाव हे हवाईदलाचंच आहे, हे पुणेकर विसरतात.

नाना खटपटे
पुणेकर काही विसरत नाहीत. दुर्लक्ष करतात.

पाणकावळा
आम्हा पक्षीवाल्यांची व्यथा कोणी ऐकतच नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स असते आणि अंगावर हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे. आता अशा वेशात उरणला जा. एकीकडे नौदलाचा शस्त्रसाठा, एकीकडे जेएनपीटीचं बंदर, मधे पाणथळ जागा आणि त्यात हजारो पाहुणे पक्षी. २२ सप्टेंबर २०१६ ला तिथल्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यातली हत्यारबंद माणसं बघितल्याचं सांगितलं आणि नौदलापासून एनएसजीपर्यंत सगळे उरणात उतरले. शेवटी काही सापडलं नाही. पण पुढे कित्येक महिने तिथे दुर्बीण गळ्यात घालायची छाती होत नव्हती.

शिवडीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाता तेव्हा पलीकडे तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) अणुभट्टी दिसते. माझ्या एका मित्राला विचारलं गेलं, "बगळ्याचा फोटो काढताय की घुमटाचा?" तो म्हणाला, "रोहित आहे, बगळा नाही." वाद पक्ष्याच्या जातीवर गेला आणि मूळ मुद्दा राहिला.

कपड्यांवरून मात्र गंभीरपणे सांगतो. सैन्याच्या गणवेशासारखे हुबेहूब छाप असलेले कपडे घालू नका. सैनिक असल्याचा समज करून देण्यासाठी तसा वेश केला तर तो गुन्हा आहे, आता भारतीय न्यायसंहितेच्या कलम १६८ खाली. हेतू नसला तरी संशयाला निमंत्रण कशाला? साधा मळका खाकी किंवा करडा शर्ट पक्ष्यांना चालतो. त्यांना डिझाइनशी देणंघेणं नाही, हालचालीशी आहे.

खाकी_निवृत्त
खाकी शर्ट नको. त्यातून आणखी घोळ होतील.

टेम्सकाठचा गणपत
लंडनहून लिहितो. इथे हे सगळं महाभारत पंधरा वर्षांपूर्वी होऊन गेलं. टेररिझम ॲक्ट २००० चं कलम ४४. त्याखाली ठरवून दिलेल्या भागात कुठलाही संशय नसताना कोणालाही थांबवून झडती घेता यायची. आणि तो 'ठरवून दिलेला भाग' म्हणजे जवळजवळ सगळं लंडन. सेंट पॉलचा फोटो काढणारा, सूर्यास्ताचा काढणारा, फिश अँड चिप्सच्या दुकानाचा काढणारा, सगळे थांबवले गेले. जानेवारी २०१० मध्ये ट्राफल्गार चौकात फोटोग्राफर कॅमेरे घेऊन जमले, 'मी फोटोग्राफर आहे, दहशतवादी नाही' असं म्हणत. त्याच महिन्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने कलम ४४ विरुद्ध निकाल दिला. त्या खटल्यातल्या दोघांपैकी एक पत्रकार होती, शस्त्रप्रदर्शनाबाहेरच्या निदर्शनांचं चित्रण करायला गेलेली. जुलैमध्ये सरकारने ते कलम वापरणं थांबवलं, पुढे कायदाच बदलला.

झूमवाल्यांच्या प्रश्नाशी जोडलेला भाग हा: इथल्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या लेखी सूचनांत स्पष्ट म्हटलंय की सार्वजनिक जागी फोटोला परवानगी लागत नाही, आणि झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला फोटो पुसायचा अधिकार नाही. दहशतवादाचा वाजवी संशय असेल तर बघू शकतात, पुसू शकत नाहीत. ते पान फोनमध्ये ठेवून फिरणारे इथे खूप आहेत. आपल्याकडे असं एक पान, मराठीत, गृहखात्याच्या शिक्क्यासह निघालं तर रक्षकाचाही ताप वाचेल. आत्ता त्याला स्वतःलाच माहीत नसतं की नियम काय, म्हणून तो 'नाही' म्हणतो. 'नाही' म्हटल्याबद्दल कोणी त्याची चौकशी करत नाही.

खाकी_निवृत्त
हे शंभर टक्के. पाटी असली की शिपायाला बोलायला आधार मिळतो. धरणांवर, जुन्या पुलांवर 'छायाचित्रणास सक्त मनाई आहे' असं रंगवलेलं असतं, तिथे वाद होत नाहीत. वाद होतात ते पाटी नसलेल्या जागी. पण गणपतराव, तिकडचा पोलीस पान दाखवल्यावर गप्प बसतो म्हणून आमचा बसेल असं धरू नका.

टेम्सकाठचा गणपत
इकडचाही नेहमी बसत नाही. मग तक्रार होते, वर्षभराने माफीचं पत्र येतं.

सातारी_तडका
वर्षभरात माफी? आमच्याकडे वर्षभरात तक्रारीचा क्रमांक येतो.

मीनाक्षी_डोंबिवली
मला विरुद्ध बाजूने बोलायचंय. आपण सगळे असं लिहितोय की फोटोग्राफर म्हणजे गरीब गाय. माझ्या सोसायटीसमोरच्या बागेत एक गृहस्थ रोज सकाळी कॅमेरा घेऊन यायचे, 'फुलांचे फोटो' म्हणून. फुलं कुठे होती आणि लेन्स कुठे होती हे व्यायाम करणाऱ्या बायकांना कळत होतं. आम्हीच पोलिसांना फोन केला. तेव्हा 'सार्वजनिक जागा आहे, कायदा नाही' हेच ऐकायला मिळालं. म्हणजे इमारतीचा फोटो काढला तर लगेच चौकशी आणि बाईचा काढला तर कायदा शोधायला लागतो?

वकीलकाका
मीनाक्षीताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कायदा खरंच तोकडा पडतो. चोरून खाजगी क्षणांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे, न्यायसंहितेचं कलम ७७, पण त्यात 'खाजगी' हा शब्द आहे आणि बाग त्यात सहज बसत नाही. पाठलाग, छेडछाड अशा दुसऱ्या कलमांनी जावं लागतं. २०१७ च्या खाजगीपणाच्या हक्काच्या निकालानंतरही रस्त्यावरच्या फोटोंबद्दल स्पष्ट नियम झालेला नाही.

अश्विनी के
मीनाक्षी, +१. म्हणूनच मी म्हणते, अडवणाऱ्याला सरसकट शत्रू समजू नका. कधीकधी त्याला आपणच बोलावलेलं असतं.

उपद्व्यापी
बरं, झूमवाले कुठे गेले? काय केलंत ते सांगणार होतात. धागा उरण, पर्रा, ट्राफल्गार फिरून आला, तुमचं रहस्य तसंच.

झूमवाला
आलो, आलो. तर ऐका. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात. एकावर जेपेग, दुसऱ्यावर त्याच फोटोंच्या मूळ 'रॉ' फाइल. हवालदारांनी सांगितल्यावर मी त्यांच्यासमोर पहिल्या कार्डावरचे फोटो एकेक करून पुसले. त्यांनी मान डोलावली, मी नमस्कार केला, निघालो. घरी दुसऱ्या कार्डावर सगळे शाबूत.

तिरपा_फलाट
_/\_ गुरुदेव!

नाना खटपटे
चहा सांडला.

खाकी_निवृत्त
साहेब, हसू आलं हे कबूल. पण हे करू नका. समजा त्या हवालदाराला कॅमेऱ्यातलं कळत असतं आणि त्याने दुसरं कार्ड मागितलं असतं, तर तोपर्यंत साधी चौकशी होती, आता 'लपवलं' झालं. तुम्ही चोर नव्हता, वागलात चोरासारखं. त्यापेक्षा सरळ म्हणायचं होतं, "पुसत नाही, साहेबांशी बोलतो." दहातल्या आठ वेळा साहेब फोनवरच "सोडून दे" म्हणतो. रविवारी सकाळी त्यालाही ठाण्यात गर्दी नको असते.

वकीलकाका
मीही याच मताचा. पुसायला नकार देणं वेगळं आणि पुसल्याचं दाखवणं वेगळं. नाव-पत्ता द्या, ओळखपत्र दाखवा, आवाज चढवू नका, कॅमेरा हिसकावला तरी हात लावू नका. हात लागला की 'सरकारी कामात अडथळा' येतो, जुन्या दंडसंहितेचं ३५३, आताच्या न्यायसंहितेचं १३२, आणि मग फोटोचा विषयच राहत नाही. जप्त करायचं असेल तर पंचनामा आणि पावती मागा. पंचनामा हा शब्द उच्चारला की बऱ्याचदा कॅमेरा परत मिळतो, कारण लिहायला कोणालाच नको असतं.

झूमवाला
मान्य आहे, कायद्याने ते बरोबर. पण दोन माणसं समोर उभी, बाजूने लोक बघतायत, तेव्हा "साहेबांशी बोलतो" म्हणायला घसा कोरडा पडतो हो. दोन कार्डांची युक्ती मी परत करीन की नाही, खरं सांगायचं तर माहीत नाही.

पाणकावळा
करा हो. लेखी नियम नसताना सचोटीची सगळी जबाबदारी आपल्याच डोक्यावर का?

खाकी_निवृत्त
कारण ठाण्यात बसायचं असतं ते तुम्हालाच, पाणकावळेसाहेब.

सातारी_तडका
ह्या दोघांना एकदा उरणला एकत्र पाठवा.

पाणकावळा
मी तयार आहे. त्यांना दुर्बीण माझी देतो. हिवाळ्यात या, खाकी_निवृत्तसाहेब, खरंच. तुम्ही बरोबर असलात तर कोणी हटकणार नाही.

खाकी_निवृत्त
येतो. शर्ट कुठला घालू?

कोरी_पाटी
नवीन सभासद आहे, धागा वाचून सगळा अभ्यास झाला. एक विचारायचं होतं: नवीन ड्रोन घेतलाय, २४९ ग्रॅमचा. मरीन ड्राइव्हवर उडवला तर चालेल ना? वजन कमी आहे म्हणून परवानगी लागत नाही असं दुकानदार म्हणाला.

वकीलकाका
नाही चालणार. २०२१ च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो'ला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच. कुठे उडवायचं ते सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावरच्या लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांवर ठरतं. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडरवर बंदीचे आदेश काढत असतात, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आधी आदेश बघा, मग बॅटरी चार्ज करा.

उपद्व्यापी
@कोरी_पाटी, ड्रोनसाठी वेगळा धागा काढा. आणि दुकानाची पावती जपून ठेवा, परत करायला लागेल.